ओढ्यातली पंगत

पिंपरीत औषधांचा कारखाना नवा होता, तेव्हाची गोष्ट. आमच्या चाळीमागच्या ओढ्याला सडक्या अंड्यांचा वास यायचा. मी नाक दाबून पळायचो. एक चष्मेवाले गृहस्थ मात्र रोज सकाळी धोतर गुडघ्यावर खोचून त्यात उतरायचे. चिखलावरचे पांढरे तंतू काचेच्या नळीत घ्यायचे आणि नळी उन्हात धरून, एक डोळा मिटून, स्वतःशीच हसायचे.

एकदा शेजारची आक्का ओढ्यात टाकायला चुन्याची पाटी घेऊन आली. "ही पांढरी बुरशीच समदी घाण करतीया."

गृहस्थ आडवे आले. "घाण ती नाही करत, मावशी. या वासातलं गंधक खाऊन ती जगते. तिला शेवाळ म्हणायचं की जंतू, यावर आम्हा शास्त्रज्ञांचं अजून भांडण चाललंय. पण भरल्या ताटावरून तिला उठवू नका."

आक्कानं पाटी खाली ठेवली. "आदी सांगायचं न्हाई व्हय? जेवू द्या की पोटभर."

चुना तिच्या भिंतीला लागला. वास पुढे कमी झाला, की मलाच सवय झाली, देव जाणे. ते गृहस्थही यायचे थांबले. आक्का मात्र रोज सकाळी ओढ्यात वाकून विचारायची, "जेवलीस का गं?"