रिकाम्या खाचेतला स्फटिक
काल पुनावळ्यात घरी स्पिरिटने मोबाइलची काच पुसली आणि त्या वासासरशी चाकणची ती दुपार आठवली. काचेवर झिंक ऑक्साइडचा केसाहून कितीतरी पातळ थर चढवणारी आमची छोटी कंपनी. काचा स्पिरिटने पुसून ताटलीच्या खाचांत बसवायच्या. मशीन आतली हवा काढून घेई, मग जांभळा उजेड पेटे आणि ऑक्साइडचे कण उडून काचेवर बसत. पण थर मनासारखा जमेना. साहेब म्हणाले, आज शेवटचं, नाहीतर हे काम बंद. त्या दिवशी मशीनच्या ताटलीत एक खाच रिकामी होती. "भरल्या ताटात मोकळी जागा बरी दिसत न्हाई," म्हणत मशीन चालवणाऱ्या कुरुळीच्या भाऊंनी तिथे दुसऱ्या कामातून उरलेला पारदर्शक स्फटिक बसवला. मी हसलो. मग सूक्ष्मदर्शकाखालचे फोटो आले. काचेवर कणांची नुसती गर्दी, कुणाचं तोंड कुठेही. स्फटिकावर मात्र तेच कण, त्याच उजेडातून आलेले, एका दिशेनं ओळीत उभे. "हे हातानं फोकलेलं बियाणं," भाऊ हळूच म्हणाले, "अन् हे पाभरीनं ओळीत पेरलेलं. पर आत पाभर धरली कुणी राव?" मी सांगितलं, काचेत तशा ओळी नसतात, पण स्फटिकातले अणू मुळातच ओळीनं बसलेले असतात, वरून येणारा कण त्याच ओळी धरतो. सांगताना माझ्याच अंगावर काटा आला. "म्हणजे मशीनचा दोष नाही," साहेब म्हणाले, "खालचा तुकडा बदला." काल पुसलेली काच मी उजेडात धरून पाहिली. खाली ओळी असोत की नसोत, मला सगळं सारखंच स्वच्छ दिसतं. कणाला मात्र टेकताक्षणी कळतं.