आज नळाचा वार नाही

कचेरीत किस्से शोधावे लागत नसत. साहेब भरपूर होते. निवृत्तीनंतर पुरवठा बंद पडेल अशी भीती होती. पण नात रेवा नववीत गेली, तिची मैत्रीण, शेजारची सानिया, रोज संध्याकाळी आमच्या सोफ्यावर येऊन बसू लागली, आणि धुळ्यातल्या आमच्या हॉलमध्येच किस्से साचू लागले!

निमित्त टीव्हीवरची एक विनोदी मालिका. शाळेतल्या दोन मैत्रिणी, त्यांच्या पुटकुळ्या, फजित्या, रुसवेफुगवे.

*

एका भागात पाळीचा विषय निघाला. मी उठलो. "टाकी भरली का, बघून येतो."

दुसऱ्या दिवशी मालिकेतल्या दोघी अंतर्वस्त्रांच्या दुकानात शिरल्या. मी पुन्हा उठलो.

रेवा टीव्हीवरची नजर न काढता म्हणाली, "आबा, आज नळाचा वार नाही. बसा!"

*

नायिका पुटकुळीपायी ढसाढसा रडत होती. आमच्या सौ. माहेरच्या सोनगीरच्या. म्हणाल्या, "एक पुटकुळीसाठे इतली रडस? आमना घरमा आरसाच नही व्हता!"

सानियाने गुपचूप मोबाईलचा सेल्फी कॅमेरा त्यांच्यापुढे धरला. सौ. मालिका संपेपर्यंत केस सारखे करत होत्या.

*

मालिकेतल्यासारखी बट हवी म्हणून दोघींनी एकमेकींचे केस कापले. सानियाची आई तावातावाने आली. रेवाचं कपाळ पाहून निवांत खुर्चीत टेकली.

"चहा टाका! मला वाटलं, आमच्या एकटीचंच वाटोळं झालं!"

*

मग बिनसलं. मालिकेतली वेंधळी मुलगी स्टेजवर धडपडली. रेवाने तो सीन वर्गाच्या ग्रुपवर टाकला. खाली लिहिलं, "आपली सानिया!"

सानिया यायची बंद झाली. सोफ्यावर तिच्या जागी रेवाने दप्तर ठेवलं. तिथे कोणालाही बसू देईना.

"सॉरी म्हण की," मी म्हटलं.

"ती बोलू दे आधी."

"पण चूक तुझी ना?"

"म्हणून तर अवघड आहे, आबा!"

*

मालिकेचा शेवटचा भाग. सानिया आली नाही. टीव्हीवरच्या दोघींचंही भांडण झालेलं. त्यातली एक दुसरीच्या दारात जाऊन उभी राहिली, तशी रेवा उठली.

"कुठे?"

"टाकी बघून येते."

नळ कालच येऊन गेला होता. आमच्या आणि सानियाच्या गच्चीमध्ये गुडघ्याएवढी भिंत आहे.

मालिका संपून बातम्या लागल्या, तेव्हा जिन्यावरून दोघी उतरल्या. सानियाने दप्तर उचलून खाली ठेवलं आणि आपल्या जागेवर बसली.

सौ.नी दोघींच्या ओल्या गालांकडे निरखून पाहिलं. "तोंड वलं कसं व्हयनं वं?"

"काही नाही, आजी," सानिया म्हणाली, "टाकी वाहत होती!"