राख न घातलेलं पाणी

आखाजीच्या, म्हणजे अक्षय्य तृतीयेच्या, दुसऱ्या दिवशी, सकाळी सहा वाजता, माझ्या मावशीवर अन्याय झाला. भडगावजवळच्या तिच्या विहिरीतून पहिली बादली वर आली ती आंबट. वरच्या अंगाला दुधाचा कारखाना आहे. पनीर काढून उरलेलं पाणी तो नाल्यात सोडतो आणि नाला विहिरीला खेटून वाहतो. कारखान्याचा साहेब म्हणाला, "अक्का, तुमच्याच तोंडाची चव गेली असेल."

मी पत्रकं लिहिणारी. चिडता येतं मला. पाण्यात नेमकं काय आहे हे सांगता येत नव्हतं. मावशीने भरून दिलेली बाटली घेऊन धुळ्याच्या कॉलेजात गेले. तिथे रसायनशास्त्राच्या मॅडमनी काचेच्या नळीत खसखशीएवढे पिवळे मणी भरून ठेवले होते. पाणी वरून सोडायचं, त्यातलं आम्ल मणी धरून ठेवतात. मग सोड्याच्या पाण्याने मणी धुतले की धरलेलं आम्ल सुटून हाती येतं. मी नळीला नाक लावून बसले.

मण्यांनी काहीच धरलं नाही.

"आम्ल मोकळं असेल तरच हे मणी पकडतात," मॅडम म्हणाल्या. "हे आधीच खाराने बांधलंय. कुणीतरी काहीतरी टाकलंय यात."

कुणी, याबद्दल मला शंका नव्हती. एसटी स्टँडवरच पत्रक लिहिलं: कारखान्याने पुरावा नष्ट केला. छापण्याआधी मावशीला वाचून दाखवलं.

ती पदराशी चाळा करत राहिली. मग म्हणाली, "केळनी राख मीच टाकी, पोरी. आंबट पानी परका मानूसले कसं देऊ? मॅडम काय म्हनतीन?"

पापडासाठी जपलेली खारी राख, चिमूटभर.

पत्रक फाडलं. दुसरी बाटली मी स्वतः भरली. मावशी तोंड वळवून उभी होती. या वेळी मण्यांनी धरलं, आणि धुतल्यावर निघालं ते ताकातलं आम्ल, लॅक्टिक. त्याला गिऱ्हाईक आहे म्हणे, औषधवाले, खाऊवाले. विकण्याजोगा माल हे लोक आमच्या विहिरीत ओततात.

मावशीला सांगितलं. "त्यासनं शे ना? मंग त्यासले परत दी टाक," ती म्हणाली.

त्यांचं त्यांना परत करणं एका बाटलीने व्हायचं नाही, म्हणून हे नवं पत्रक. तुम्ही त्याच नाल्याकाठी राहता. तुमचंही पाणी आंबट असेल, तर येत्या बाजाराच्या दिवशी बाटली भरून माझ्याकडे आणा. राख टाकू नका, गाळू नका, लाजू नका. आहे तसं आणा.