अर्ध्या टाकीचा वाटा

सहादू गांगुर्डे सातपूरच्या एका कारखान्यात एकतीस वर्षं फिटर होता. निवृत्त झाल्यावर घरी बसला तेरा दिवस. चौदाव्या दिवशी क्लबच्या टेनिस कोर्टावर कामाला लागला. मातीचं कोर्ट. सकाळी पाणी मारायचं, रोलर ओढायचा, चुन्याच्या रेघा आखायच्या. रेघ वाकडी आली तर तो पुसून पुन्हा आखायचा. कुणी बघत नसलं तरी.

यंदा क्लबात महिलांची आंतरराष्ट्रीय स्पर्धा आली. वीस दिवस चौघं राबली: सहादू, सुरगाण्याकडची फुलाबाई, तिचा नवरा पुंजा आणि दीर लखन. रोज सहाशे. चौघांचे अठ्ठेचाळीस हजार. फायनल झाली, परदेशी खेळाडू गेल्या, मजुरीचं कुणी नाव काढेना. फुलाबाईला दुपारच्या एसटीने गावी जायचं होतं. "पैसं घेतल्याबिगर मी हालायची नाय," ती म्हणाली आणि रोलरवर बसली.

सहादू ऑफिसात गेला. तिथे वाटपाची बैठक चालू होती. क्लबचे सेक्रेटरी ज्ञानेश देवरे यांनी त्याच्यापुढे करार सरकवला. बक्षिसं, पंच आणि हॉटेल यांचा खर्च आधी. शिल्लक राहील त्यातले चाळीस टक्के टेनिस संघटनेचे, पस्तीस क्लबचे, पंचवीस आयोजक कंपनीचे. कोर्टाची मजुरी उरलेल्यातून.

"शंभर झाले, ज्ञानेशराव," सहादू म्हणाला. "शंभरातून उरतं काय?"

"ते करारात नाही, काका. करारात फक्त 'उरलेल्यातून' एवढंच आहे."

शिल्लक होती, पण रोख नव्हती. मुख्य प्रायोजक पाण्याच्या टाक्या बनवणारा. त्याने निम्मे पैसे रोख दिले आणि निम्म्याच्या टाक्या. रोख खर्चात गेली. मागे राहिल्या पन्नास टाक्या, दोन-दोन हजार लिटरच्या, काळ्या, पार्किंगमध्ये ओळीने उभ्या. हिशोबाने संघटनेला वीस, क्लबला साडेसतरा, कंपनीला साडेबारा.

दीड तास बैठक त्या अर्ध्यावर अडली होती. कंपनीची तेजल म्हणत होती, एक टाकी विकू आणि पैसे वाटू. ज्ञानेशरावांचं म्हणणं, विकली की ते नवं उत्पन्न झालं, त्यात संघटनेला पुन्हा चाळीस टक्के. संघटनेचे दीपकराव याला लगेच तयार झाले. म्हणून बाकीची दोघं तयार होईनात.

"काका, तुम्ही फिटर ना?" ज्ञानेशराव म्हणाले. "एक टाकी कापून द्या."

"आडवी का उभी?"

याचा विचार कुणी केला नव्हता.

"आडवी कापली तर एकाला झाकण येणार, दुसऱ्याला तळ," सहादू म्हणाला.

"मग उभी," तेजल म्हणाली. "झाकणसुद्धा अर्धं अर्धं."

"पातं दोन मिलिमीटर खातं. तो भुसा कुणाच्या वाट्यातला?"

दीपकरावांनी कॅल्क्युलेटर घेतला आणि ठेवून दिला. "तो उरलेल्यात धरा."

उरलेलं म्हणजे मजुरी. वीस दिवस रोलर ओढल्याचा ओंजळभर काळा भुसा. सहादूने विचारलं, "आणि कापायची मजुरी कशातून?"

ज्ञानेशरावांनी पान उलटलं. वाटपासाठी येणारा खर्च वाटपाच्या आधी, तिघांनी आपापल्या टक्क्यांप्रमाणे रोख भरायचा.

"मग अठ्ठेचाळीस हजार होतील."

"एका टाकीचे?" तेजल हसली. "एवढ्यात नव्या तीन येतील, काका."

"नवी घ्यायचं करारात आहे का?"

ज्ञानेशरावांनी करार पहिल्यापासून चाळला. नव्हतं.

"आमच्या वीस तर अख्ख्या आहेत," दीपकराव म्हणाले. "आम्ही का भरायचे?"

"वाटप पुरं झाल्याशिवाय तुमच्या वीस गेटाबाहेर जात नाहीत, साहेब," ज्ञानेशराव म्हणाले. एवढ्या एका मुद्द्यावर तेजलने त्यांना पाठिंबा दिला.

एकोणीस हजार दोनशे, सोळा हजार आठशे आणि बारा हजार. टेबलावर रोख आली. व्हाउचरवर लिहिलं गेलं: टाकी कापणे, अठ्ठेचाळीस हजार.

सहादूने सही केली नाही. तासाभराच्या कामाचे एवढे पैसे त्याने आयुष्यात घेतले नव्हते. "पुढे लिहा, चार माणसं, वीस दिवस."

"टाकी कापायला वीस दिवस?" दीपकरावांनी विचारलं.

"लागले."

ज्ञानेशरावांनी लिहिलं. तिघांनी सह्या केल्या, मग त्याने केली.

बाहेर येऊन त्याने बारा-बारा हजार हातात ठेवले. फुलाबाईने तिघांचे छत्तीस मोजून पिशवीत घातले. तोवर सहादू पार्किंगमधल्या टाकीवर रेघ आखत होता. एकदा पुसली, पुन्हा आखली.

"दादा, यात पाणी तर राहायचं नाय," फुलाबाई म्हणाली. "एवढं मापून काय करता?"

"पैसे घेतलेत."

तिने पुंजाकडे पाहिलं. पिशवी लखनकडे दिली, पदर खोचला आणि टाकी पलीकडून घट्ट धरली. एसटीला अजून पाऊण तास होता.