आत्याचं गाऱ्हाणं

सूड घेऊ नये, असं कोणी शिकवायला आलं की माझं डोकंच फिरतं. शिकवणाऱ्याचं स्वतःचं बहुतेक काही गेलेलं नसतं.

माझ्या आत्याचं लग्न आचऱ्याला ठरलं होतं. साखरपुडा झाला, साड्या घेऊन झाल्या. आमच्या भावकीतल्या एकाला मात्र ती आपल्या विधुर मेव्हण्यासाठी हवी होती आणि तिने तोंडावर नाही म्हटलं होतं. हा गृहस्थ गुपचूप आचऱ्याला गेला आणि पोरीला फिट येतात असं सांगून आला. झालं! लग्न मोडलं. तिला आयुष्यात कधी साधी चक्कर आली नव्हती, पण पुढे एकही स्थळ आलं नाही. हे कोणाचं काम ते अख्ख्या गावाला ठाऊक होतं. घरचे तिलाच समजवायचे, ‘‘सोडून दी गो, देव बगतलो.’’

देव काय कपाळ बघणार? देवाशी बोलायचा मान त्याच माणसाच्या घराण्याकडे! आमच्याकडे देवळात नारळ ठेवून आपलं दुखणं सांगायचं, मानकऱ्याने ते मोठ्याने देवाच्या कानावर घालायचं, आणि जमलेल्यांनी दर वाक्याला ‘व्हय म्हाराजा’ म्हणायचं. ह्याला गाऱ्हाणं म्हणतात.

एकोणीसशे ऐंशी उलटून तीनचार वर्षं झाली असतील. मी नुकतीच शाळेत शिकवायला लागले होते. त्या मानकऱ्याच्याच मुलीचं लग्न ठरलं म्हणून देवळात गाव जमला होता. आत्या नारळ घेऊन निघाली तेव्हा माझे वडील दारात आडवे आले.

‘‘त्या चेडवाचो काय दोष गो?’’

‘‘चेडवाक मी काय एक बोलूचंय नाय,’’ ती म्हणाली आणि त्यांना बाजूला सारून गेली. आम्ही तिच्या मागोमाग.

देवळात तिने नारळ त्याच्यासमोर ठेवला. ‘‘माका फिट येतत असा खोटा सांगून जेणी माजा लगीन मोडल्यान, तेका शिक्षा कर, असा देवाक सांग.’’

त्याचा चेहरा उतरला. पण माणूस बेरकी. डोळे मिटून सुरू झाला, ‘‘बा देवा म्हाराजा, ह्या बायेचा ज्या कोणी वायट केल्यान आसात, तेका बरी बुद्धी दी रे म्हाराजा!’’

लोकांनी ‘व्हय’ म्हणायला सुटकेने तोंडं उघडली, तेवढ्यात आत्या ओरडली, ‘‘नाय म्हाराजा! तेणी काय केल्यान तां आदी बोल. बुद्धी मगे माग.’’

सूड वाईट, मान्य. मग तिला न्याय कुठे मिळत होता, तेवढं सांगा. कोर्टात? पंचायतीत? तिला त्याचं घर जाळायचं नव्हतं. त्याने केलेलं त्याच्याच तोंडून चारचौघांत यायला हवं होतं. एवढाही हक्क नाही का हो माणसाला?

शेवटी एक म्हातारा गावकरी म्हणाला, ‘‘बाये, आज शुभकार्य आसा. चेडवाचा लगीन आसा. कित्याक विघ्न आणतंस?’’

‘‘माजापण लगीनच होता,’’ आत्या म्हणाली.

कोणी तिच्याकडे बघेना. मानकऱ्याने तिचा नारळ बाजूला सरकवला, मुलीच्या नावाचा पुढे ओढला आणि तिचा संसार सुखाचा होऊ दे म्हणून गाऱ्हाणं घातलं. सगळं देऊळ एका आवाजात म्हणालं, ‘‘व्हय म्हाराजा!’’

माझे वडीलसुद्धा.