लेण्यात सांधा नसतो

महाडचं नाव निघालं की ती चोरी अजून डोळ्यांसमोर उभी राहते. नव्वदीचा काळ, मी तिथे नवा फौजदार. शिमगा तोंडावर आला आणि एका गावात ग्रामदेवतेची रुपं, म्हणजे पालखीत बसवायचे चांदीचे मुखवटे, पेटीतून गायब! कुलूप शाबूत, किल्ली म्हाताऱ्या गुरवाकडे. मी फिर्याद लिहून घेईपर्यंत गावानं म्हाताऱ्याला चोर ठरवूनही टाकलं होतं.

"जन्मभर देवीची सेवा केली, साहेब," तो ठाण्यात मान खाली घालून म्हणाला. "आता पानीसुदा कोन देत नाय."

खबर दिली लेण्यांच्या डोंगराखालच्या, हमरस्त्यावरच्या चहावाल्यानं. गुरवाचा भाचा मुंबईहून आला होता आणि लेण्यांवरून उतरताना त्याचे हात मातीनं भरलेले होते.

भाच्याला बोलावलं. कडक इस्त्रीचा शर्ट, गडी एकदम निवांत.

"लेणी बघायला गेलेलो, साहेब."

"असं? काय आवडलं?"

"बांधकाम! दगडावर दगड काय बसवलेत, फट म्हणून दिसत नाय."

हवालदारानं मान डोलावली. माझे मात्र कान टवकारले. बदली झाल्यापासून सुट्टी मिळाली की मी त्या बौद्ध लेण्यांतच रमायचो. अहो, तिथे दगडावर दगड कुणी ठेवलेलाच नाही! अख्खा डोंगर कोरलाय. आधी छत, मग खांब, शेवटी जमीन, असे कारागीर वरून खाली उतरत आलेले. एक घाव चुकला तर जोडायची सोय नाही. भिक्खूंचे निजायचे ओटेसुद्धा त्याच खडकातले. मग ह्या पठ्ठ्यानं दगडावर दगड पाहिला कुठे? स्वतः रचला असेल तिथेच!

पंचांना आणि भाच्याला घेऊन वर गेलो. एकेक खोली, एकेक ओटा हातानं चाचपला. कडेच्या अंधाऱ्या खोलीत बोटांना सांधा लागला. ओट्याच्या टोकाला दगड रचून वर माती लिंपलेली. ते काढले, तर मागे टॉवेलात गुंडाळलेली रुपं! मामाच्या उशाखालून किल्ली घेतल्याचं भाच्यानं तिथेच कबूल केलं.

कोर्टाच्या परवानगीनं मुद्देमाल वेळेत गावाच्या ताब्यात दिला. गावकऱ्यांनी पालखी सगळ्यात आधी गुरवाच्या अंगणात नेली. मी बंदोबस्ताला होतो. म्हातारा उंबऱ्यातून हलेना.

"जा की पुढे, बाबा. आता कोण काय बोलणार?"

"काय तोंडानं जाऊ, साहेब? आदी मी चोर नव्हतो तरी चोर झालो. आता चोर माज्या बहिनीचाच पोर हाय."

मला फार वाईट वाटलं. पुढे नोकरीत कुणाचंही नाव संशयित म्हणून लिहायची वेळ आली की तो उंबरा आठवायचा आणि माझं पेन थांबायचं.