गोळी बंद करणाऱ्यांच्या गटात

संधिवाताचं निदान झालं तेव्हा मी चव्वेचाळीस वर्षांची होते. तासगावला आमची बेदाण्याची शेड आहे. निवडणीच्या बायकांबरोबर मीही बसायची. पुढंपुढं सकाळी तासभर बोटंच मिटेनात, तेव्हा ते बसणं सुटलं. सांगलीच्या दवाखान्यात आठवड्यातून एकदा घ्यायची गोळी सुरू झाली आणि दोनेक वर्षांत हात असे झाले, की मी परत निवडणीला बसले.

त्याच सुमारास तिथल्या डॉक्टरबाईंनी मला आत बोलावून घेतलं. त्या एका संशोधनात होत्या. ज्यांचा आजार शांत झालाय, त्यांची गोळी बंद करता येईल का, हे त्यांना पाहायचं होतं. निम्म्या लोकांची गोळी चालू राहणार, निम्म्यांची हळूहळू कमी करत थांबवणार. कोण कुठल्या गटात, ते कॉम्प्युटर ठरवणार.

"आजार परत आला तर?" मी विचारलं.

"येऊ शकतो. आला तर लगेच गोळी सुरू करू. पण हात पुन्हा अगदी असेच होतील, असं मी लिहून देऊ शकत नाही. घरी बोला, काकू. घाई नाही."

घरी आमचे मालक फौजेतून रिटायर झालेले. त्यांनी सगळा फॉर्म चष्मा लावून वाचला. "गोळी सुटली तर लय बरं," ते म्हणाले, "पर सही तुझी हाय. मी सांगणार न्हाई."

मी सही केली. माझं नाव गोळी बंद करणाऱ्यांच्या गटात आलं. मला बरं वाटलं.

मग दर महिन्याला सांगलीची एसटी. डॉक्टरबाई एकेक सांधा दाबून बघायच्या, मग प्रश्न विचारायच्या. बटणं लावता येतात का? नळ उघडता येतो का? भरलेला तांब्या उचलता येतो का? मी दर वेळी सांगायची, काही त्रास नाही.

गोळी पूर्ण थांबल्यावर चौथ्या महिन्यात एका सकाळी दूध उतू जायला लागलं आणि मला गॅसचं बटण फिरवता येईना. दूध ओट्यावरून खाली आलं. मी बघत उभी राहिले. मालकांनी येऊन गॅस बंद केला.

"कवापास्नं हाय हे?"

"चार दिवस झाले."

"आन् बोलली न्हाईस?"

भीती वाटली नाही, रडूही आलं नाही. फडकं घेतलं, ते पिळता येईना, म्हणून त्यांनी ओटा पुसला.

डॉक्टरबाईंनी सुजलेले सांधे मोजले, कागदावर लिहिले आणि तेच प्रश्न परत विचारले. मी खरी उत्तरं दिली. लिहून झाल्यावरही त्यांनी माझा हात सोडला नाही.

"गोळी आजपासून सुरू करू. काकू, मला वाईट वाटतंय."

"नीट लिहून घ्या म्हणजे झालं," मी म्हणाले. माझा आवाज मला दुसऱ्या कुणाचा तरी वाटला.

सूज उतरायला बरेच महिने गेले. उजवं मनगट मात्र पूर्ण वळत नाही ते नाहीच. आता बायका निवडतात आणि मी उभ्यानं माल बघते.

पुढं अभ्यास संपल्यावर डॉक्टरबाईंनी आम्हा सगळ्यांना बोलावून निकाल सांगितला. गोळी थांबवलेल्यांत आजार परत आलेले जास्त निघाले. "त्यामुळं आता आम्ही कुणाची गोळी सहजासहजी बंद करत नाही," त्या म्हणाल्या. लोकांनी टाळ्या वाजवल्या. मी हात मांडीवरच ठेवले.

माझ्या थोरल्या नणंदेलाही हाच आजार आहे. त्या लोणंदला असतात. मागच्या महिन्यात त्यांचा फोन आला. "आता बरं हाय, तवा गोळ्या बंदच करते म्हणते."

"करू नका, वन्सं."

"का गं?"

तेव्हा मी त्यांना पहिल्यांदा सगळं सांगितलं. त्या म्हणाल्या, "तू सही का केलीस पर? लोकांसाठी व्हय?"

"न्हाई वन्सं. मला गोळी नको झाली हुती."

"बरं," त्या म्हणाल्या, "घेते मी." आणि मग त्यांनी यंदा द्राक्षाला पाऊस लागला का ते विचारलं.